डिस्चार्ज कधी?

पेशंट ॲडमिट झाला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला. ‘डिस्चार्ज कधी?’ आपलंही खरंच आहे म्हणा. रजा चारच दिवसांची, सोमवारी प्रेझेंटेशन आणि लॅपटॉप हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये चार्जिंगला.

गेल्या वर्षी आमच्याकडे हा प्रश्न दोनदा आला. आधी साताऱ्याची आत्या, मग तीन महिन्यांनी सांगलीचा मामा. आजार एकच, हार्ट फेल्युअर. आत्या पाचव्या दिवशी घरी आली, मामाला अकरा दिवस लागले. झालं! ‘बिल वाढवायला ठेवून घेतलंय गं,’ असा निकाल मामीने सातव्या दिवशीच लावला. मामेभाऊ तर स्वतःच्या जबाबदारीवर सही करून मामाला घरी न्यायला निघाला होता. मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते कायम मोकळी. त्यामुळे दोन्हीकडे ड्यूटी माझीच, आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावणारीही मीच.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. पंप कमजोर होतो, मग पायात, पोटात, फुप्फुसात पाणी साठतं. ते काढायला शिरेतून लॅसिक्सचं इंजेक्शन, रोज वजन, लघवीचं माप, रक्ततपासण्या. पाणी उतरलं की इंजेक्शनवरून गोळीवर आणायचं आणि गोळी पुरते का ते पाहायचं. नेमकं तेव्हाच पेशंट कॉटवर बसून मस्त चहा पीत असतो आणि आपल्याला वाटतं, आता कशाला ठेवलंय?

आत्याचं कारण सरळ होतं. कराडच्या लग्नाला एसटीने जायचं म्हणून तिने ‘लघवीची गोळी’ तीन दिवस बंद ठेवली. वाटेत बायकांनी जायचं कुठे? वर लग्नातले पापड, लोणचं. फाइलमध्ये ‘औषध बंद केले’ एवढंच लिहिलं गेलं. एसटी स्टँडवरची स्वच्छतागृहं फाइलमध्ये येत नाहीत. तिच्या किडन्या चांगल्या होत्या, त्यामुळे तीन दिवसांत पाणी उतरलं.

मामाला वीस वर्षांचा डायबेटिस. किडन्या आधीच थकलेल्या. लॅसिक्स वाढवलं की क्रिएटिनिन वर, कमी केलं की पाणी तसंच. त्यात न्यूमोनिया निघाला. बीपी इतकं कमी की हृदयाची बाकीची औषधं भराभर वाढवता येईनात. मुक्काम लांबतो तो बहुतेकदा अशा सोबत्यांमुळे.

केरळात २०१३ मध्ये त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीने १८ हॉस्पिटलांतल्या १,२०५ पेशंटची नोंद ठेवली. मुक्कामाचा मध्य सहा दिवस. म्हणजे आत्या आणि मामा दोघंही तसे चारचौघांतलेच. सरासरी वय ६१, पाश्चात्त्य पेशंटपेक्षा साधारण दहा वर्षांनी कमी. म्हणजे आपल्या आई-बाबांचंच वय! आणि शंभरातले आठ-नऊ जण हॉस्पिटलातच गेले. हा आकडा मी मामेभावाला दाखवला. त्याने सहीचा विषय पुन्हा काढला नाही. पाणी पुरतं न उतरता घरी गेलेला पेशंट महिन्याभरात परत येण्याची शक्यता जास्त, हे त्याला डॉक्टरांनीही सांगितलं.

मामीचा संशय मात्र अगदीच हवेतला नव्हता. अकराव्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर ‘जा’ म्हणाले आणि मामा बाहेर पडला संध्याकाळी साडेसहाला, कारण भावाच्या कंपनीच्या मेडिक्लेमचं अप्रूव्हल अडकलेलं. विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ चा नियम आहे: हॉस्पिटलने डिस्चार्जचं कळवल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची, उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने भरायचे. तुमच्या ऑफिसच्या पॉलिसीत आई-बाबा असतील तर एचआरला हे आजच विचारून ठेवा.

निघताना डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. घर कितव्या मजल्यावर? तिसऱ्या, लिफ्ट नाही. वजनकाटा आहे? नव्हता. भावाने तिथूनच मोबाइलवर मागवला. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा, असं ठरलंय.

आता मामा रोज सकाळी चहाआधी काट्यावर उभा राहतो आणि आकडा कॅलेंडरवर लिहितो. कालचा ६२.४. भडंगाचा डबा मामीने सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलाय.