एकोणचाळीस दात

आमच्या गावाला येणारे पाहुणे दोन प्रकारचे असतात. एक, आधी वेरूळला जाऊन मग अजिंठ्याला जाणारे. आणि दुसरे, आधी अजिंठ्याला जाऊन मग वेरूळला जाणारे. मधल्या फावल्या वेळात बीबी का मकबरा उरकायचा, गुलमंडीवर एखादी हिमरू शाल घासाघीस करून घ्यायची आणि गाडीत बसायचे. मलिक अंबरने १६१० साली खडकी या खेड्याच्या जागी वसवलेल्या या शहराने तेव्हापासून नावे बरीच बदलली. खडकीचे फतेहनगर झाले, फतेहनगरचे औरंगाबाद झाले आणि २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. पाहुण्यांचा कार्यक्रम मात्र बदलला नाही. पण या शहराच्या पोटात आणखी एक शहर आहे. ते लेण्यांचे नव्हे, दातांचे आहे. म्हणजे दातेरी चाकांचे. यंदा श्रावणात मला ते पाहायला मिळाले, तेही चौदा वर्षांच्या एका वाटाड्याबरोबर.

हा वाटाड्या म्हणजे नाशिकचा माझा भाचा. पंधरा ऑगस्टला लागून सुट्ट्या आल्या तसा तो एकटाच आला. ताईने फोनवर मला बजावले होते, "त्याला वेरूळ दाखव, घृष्णेश्वराचं दर्शन घडव, आणि त्या ट्रकच्या नादी लागू देऊ नकोस." हा ट्रक त्याच्या बगलेतच होता. हातभर लांबीचा, रिमोटवर चालणारा, चार जाड चाकांचा. सोबत एक जेवणाचा डबा होता. मला वाटले, ताईने चकल्या पाठवल्या असतील. उघडला तर आत पीळ पडलेले दांडे, बोथट झालेली चक्रे आणि वाकलेल्या पिना! त्या ट्रकची आजवर मोडलेली हाडे त्याने जपून ठेवली होती.

प्रकार असा झाला होता. हा ट्रक मुळात दोन सेलच्या, म्हणजे ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर चालायचा. चिरंजीवांनी खाऊचे पैसे साठवून तीन सेलची, ११.१ व्होल्टची बॅटरी आणली. आता व्होल्ट दीडपट झाले की मोटर दीडपट पळायला बघते. विजेचा प्रवाहही तितकाच वाढतो, म्हणजे दीड गुणिले दीड, जोर सव्वादोन पट. मोटरने तो आनंदाने दिला. पण मोटर आणि चाक यांच्यामध्ये जी मंडळी उभी असतात त्यांना कोणी विचारले नव्हते. प्रथम चाकांना फिरवणारे प्लास्टिकचे दांडे पिळवटले. त्याने पोलादी दांडे मागवले. मग त्यांच्या आतल्या डिफरन्शियलची, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या लहान चक्रांची, दातखीळ उडाली. तीही धातूची आली. त्यानंतर गिअरबॉक्समधल्या मोठ्या प्लास्टिकच्या गिअरला टक्कल पडले. हा भाग मात्र बाजारात मिळेना, कारण ते मॉडेलच बंद झाले होते.

त्यात माझ्या मेहुण्यांनी निकाल दिला होता. आणखी एकदा ट्रक मोडला की तो माळ्यावर जाईल आणि दहावीची परीक्षा झाल्यावरच खाली येईल. मेहुणे शब्दाचे पक्के आहेत. माळ्यावर चढलेली त्यांची स्वतःची सतार पंधरा वर्षांत खाली आलेली नाही. तेव्हा हा मुलगा मामाकडे आला होता तो वेरूळसाठी नव्हे, हे माझ्या ध्यानात आले.

तरीपण ताईच्या शब्दाला मान म्हणून सकाळी त्याला पाणचक्कीवर नेले. जुन्या महमूद दरवाज्याजवळ, खाम नदीच्या काठाला ही जागा आहे. बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याचा हा परिसर. गावाबाहेरच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून कित्येक किलोमीटर वाहवत आणले आहे. ते एका उंच भिंतीवर चढवून हौदात धबधब्यासारखे सोडले आहे, आणि त्याच पाण्याच्या जोरावर दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी धान्य दळले जाई. लांबट हौद, त्याच्या काठाचा तो जुना प्रचंड वड, आणि हौदाच्या तळालाच छत करून खाली बांधलेले गारेगार दालन. उन्हाळ्यात इथे येऊन बसणाऱ्याला उठावेसे वाटत नाही. श्रावणात तर पाण्याचा नुसता कल्लोळ चाललेला असतो.

भाच्याने यातले काही पाहिले नाही. तो थेट चक्कीच्या खोलीशी गेला आणि वाकून, मान तिरकी करून खालच्या अंधारात बघू लागला. खाली आडवे पात्यांचे चक्र, त्याच्यावर पाण्याचा मारा, चक्रातून उभा निघालेला कणा, आणि त्याच कण्यावर वर जात्याची फिरती तळी. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "मामा, याला गिअरबॉक्सच नाहीये!"

खरेच नव्हता. चक्राचा एक फेरा तो दगडाचा एक फेरा. मध्ये दात नाहीत, तेव्हा झिजायचे, तुटायचे काही नाही. काही शतके झाली या गोष्टीला. इथे गर्दी करणाऱ्या प्रवाशांना वाटाडे पाण्याच्या चमत्काराविषयी पुष्कळ सांगतात, पण मला वाटते, या मुलाला जे दिसले ते त्यांनी सांगायला हवे. जिथे भाग कमी, तिथे मोड कमी. ट्रकचे मात्र तसे नाही. त्याची मोटर मिनिटाला हजारो फेरे घेणार आणि चाकाला दगडावर चढायला हवी सावकाश पण दांडगी ताकद. वेग देऊन ताकद विकत घ्यायची तर दलाल म्हणून गिअर मध्ये येणारच.

दुपारी आम्ही वाळूजला गेलो. माझा एक जुना विद्यार्थी तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बी. ए.ला असताना त्याला संत वाङ्मयात गती होती. आता त्याच्या हाताखाली यंत्रे अभंग म्हणतात. वाळूजची कथा फार जुनी नाही. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला. त्याच साली एन्ड्युरन्सची सुरुवात शहरात झाली, आणि आज दुचाकीचे क्लच, ब्रेक, सस्पेन्शन यांत तिचे नाव मोठे आहे. एका मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखाने उगवतात, त्यांच्याभोवती आणखी लहान. वडाला पारंब्या फुटाव्या तसे. कोणी फक्त गिअर कापतो, कोणी फक्त दांडे घासतो, कोणी फक्त भट्टी चालवतो.

भट्टीचे काम मला फार आवडले. गिअरचे पोलाद कर्ब असलेल्या वातावरणात तासन् तास तापवतात, की कर्ब कातडीपुरता आत मुरतो. मग ते एकदम तेलात विझवतात. वरची कातडी काचेसारखी कठीण होते आणि आतला गाभा चिवट राहतो. सगळाच गिअर कठीण केला तर तो पहिल्याच धक्क्याला तडकेल आणि सगळाच चिवट ठेवला तर दात झिजतील. नारळासारखी ही रचना आहे म्हणा ना. आपल्याकडच्या जुन्या हेडमास्तरांचीही तीच होती.

विद्यार्थ्याने भाच्याच्या हातातला टकला गिअर निरखून पाहिला आणि परत दिला. "सर, आमच्याकडे एक नग कोणी करत नाही. इथे बोलणं हजारांत होतं. तुम्ही जुन्या मोंढ्याकडे जा. तिथे गल्लीत एक चाचा आहेत. हे काम तेच करतील."

जुन्या मोंढ्याच्या मागची ती गल्ली मला वीस वर्षे ठाऊक होती, पण मिरच्या आणि गूळ घेण्यापुरती. एका अरुंद दुकानात लेथ, एक मिलिंग मशीन आणि भिंतीवर मक्केचे कॅलेंडर. चाचा सत्तरीचे असतील. चष्म्याला दोरी बांधलेली. त्यांनी गिअर घेतला, खडूने एका दाताला खूण केली आणि मोजू लागले. एकोणचाळीस. मग कॅलिपर लावला. बाहेरचा व्यास ३२.८ मिलिमीटर.

"बेटा, गणित आता क्या?" त्यांनी विचारले. "दातों में दो मिलाव. कितने हुए?"

"एक्केचाळीस."

"अब बत्तीस पॉइंट आठ को एकतालीस से भागो."

भाच्याने तोंडी केले. बरोबर ०.८. चाचांनी त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिले. हा आकडा म्हणजे गिअरचे मॉड्यूल. दाताचा आकार त्यावरून ठरतो, आणि मॉड्यूल सारखे असेल तरच एका गिअरचे दात दुसऱ्यात बसतात. लग्न जुळवताना आपण गोत्र पाहतो, तसेच. फरक इतकाच की इथे सारखे असावे लागते.

मग ते थांबले आणि भाच्याचा डबा त्यांनी मागून घेतला. एकेक हाड बाहेर काढून त्यांनी ओळीने मांडले. चाकाकडचा दांडा, मग डिफरन्शियल, मग हा गिअर. त्या ओळीवरून बोट फिरवीत ते म्हणाले, "देखो. टूटना चाक से चला और मोटर की तरफ आ रा. ये भी लोहे का बनाया तो अब किसकी बारी?"

भाचा काही बोलला नाही.

"मोटर की. और मोटर कित्ते की?"

तिची किंमत डब्यातल्या सगळ्या हाडांच्या बेरजेहून अधिक होती. चाक दगडात अडकले आणि मधले काहीच सुटले नाही, तर मोटर जागीच थांबते, भरमसाट वीज ओढते आणि जळते. भाचा मात्र हट्टाने म्हणाला, "पण मला सगळं पक्कं करायचंय. परत मोडला तर बाबा माळ्यावर टाकतील."

"कायकू सबकू पक्का करते मियाँ?" चाचा हसले. "एक तो कमजोर रखो. पन वो तुम चुनो कौनसा. आटे की गिरनी देखी? पत्थर अटका तो पट्टा फिसलता. पट्टा नहीं फिसला तो मोटर गई."

महागड्या ट्रकांत याच कामासाठी घसरणारा क्लच असतो. धक्का मर्यादेबाहेर गेला की तो क्षणभर घसरतो आणि पुढच्यांचा जीव वाचतो. या ट्रकात तो नव्हता. चाचांची युक्ती साधी होती. गिअर पोलादी करायचा. पण तो दांड्यावर ज्या दोन मिलिमीटरच्या पोलादी पिनेने अडकवलेला असतो, ती पिन पितळेची करायची. ताण फार झाला तर पिन कापली जाईल, गिअर दांड्यावर नुसता फिरेल, आणि बाकी सगळे जागच्या जागी.

पुढचे दोन तास आम्ही लाकडी पेटीवर बसून होतो. पोलादाच्या गजाचा तुकडा लेथवर गोल झाला, त्याला भोक पडले. मग तो मिलिंग मशीनच्या डिव्हायडिंग हेडवर चढला. या यंत्राचा दांडा चाळीस वेळा फिरवला की गजाचा एक फेरा होतो. दात हवेत एकोणचाळीस, म्हणजे प्रत्येक दाताला एक पुरा फेरा आणि वर एकोणचाळिसावा हिस्सा. त्यासाठी भोकांची एक तबकडी असते, तिच्यात एकोणचाळीस भोकांचे एक वर्तुळ असतेच! दांड्याचा एक फेरा, एक भोक पुढे, कापा. पुन्हा एक फेरा, एक भोक पुढे, कापा. चाचांनी दहा दातांनंतर दांडा भाच्याच्या हाती दिला. मोजण्यात एकदा चूक झाली तर शेवटचा दात अर्धाच उरतो, एवढेच त्यांनी सांगितले. मुलगा श्वास रोखून मोजत होता. परीक्षेच्या हॉलमध्ये मी अनेक वर्षे पर्यवेक्षण केले आहे. इतकी एकाग्रता मी तिथे क्वचितच पाहिली.

शेवटचा दात पुरा उतरला. बसवताना चाचांनी वर्तमानपत्राची एक चिंधी फाडली, दोन गिअरांच्या दातांमध्ये धरली, मोटर तिच्यावर दाबून स्क्रू आवळले आणि चाक फिरवून कागद काढून घेतला. दात एकमेकांत फार घट्ट रुतले तर तापतात, फार सैल राहिले तर एकमेकांना खातात. योग्य अंतर वर्तमानपत्राच्या कागदाइतके. वर्तमानपत्राचा इतका नेमका उपयोग माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

पैसे त्यांनी तीनशे सांगितले. पितळेच्या तारेच्या दहा पिना कापून काडेपेटीत घालून दिल्या, त्याचे काही घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गोगाबाबा टेकडीवर गेलो. खाली मकबऱ्याचा घुमट, पाठीशी विद्यापीठाकडचा डोंगर, आणि पायाखाली पावसाने धुतलेले काळे दगड. ट्रक पहिला चढ चढला, दुसरा चढला. फिरायला आलेले दोन-तीन म्हातारे काठ्या टेकून उभे राहिले. तिसऱ्या चढावर पुढचे चाक दोन दगडांच्या फटीत रुतले आणि भाच्याच्या उत्साही अंगठ्याने रिमोटचा खटका दाबूनच धरला.

टक्!

मुलाचा चेहरा पांढरा पडला. त्याने तिथेच फतकल मारून चार स्क्रू काढले, झाकण उघडले. दात मोजले. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस. मोटर गरम होती पण धडधाकट. फक्त पिनेचे तीन तुकडे झाले होते. बारीक खिळ्याने त्याने ते ठोकून बाहेर काढले, काडेपेटीतली नवी पिन घातली. पाच मिनिटे लागली.

"मामा, बाबांच्या हिशेबाने हे मोडलं का रे?"

मी मराठीचा प्राध्यापक. म्हणालो, "क्रियापद नीट वापर. पिन तुटली. ट्रक मोडला नाही." त्याने ते दोनदा मनाशी घोकले.

अंधार पडायच्या आत आणखी दोन पिना तुटल्या. तिसरी बसवत असताना माझा फोन वाजला. ताई होती. वेरूळ झाले का, दर्शन झाले का, जेवतो का नीट, सगळे विचारून झाले. मागून मेहुण्यांचा आवाज आला, "ट्रक मोडला का विचार!"

फोन स्पीकरवर होता. भाच्याने मान वर केली नाही. "नाही बाबा," तो म्हणाला, "पिन बदलतोय. अजून सात आहेत."