श्शऽऽ... फोटो चालू आहे!

मोबाइल सायलेंट, लिफ्टमधले शेजारी सायलेंट आणि हल्ली कॅमेरापण सायलेंट! मिररलेस कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘सायलेंट शटर’ असतं. ते ऑन केलं की खटक नाही, क्लिक नाही. नाटकाचा प्रयोग, गाण्याची बैठक, झोपलेलं बाळ... कुणालाच डिस्टर्ब न करता फोटो. सॉलिड फंडा आहे. गोची एकच. सायलेंट मोडमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश उडतच नाही.

सर्व्हिस सेंटर गाठण्याआधी झेरॉक्सचं मशीन आठवा. उजेडाची पट्टी कशी या टोकाकडून त्या टोकाकडे सरकते? सेन्सरचं तसंच. नेहमीच्या शटरचा पडदा क्षणभर पूर्ण उघडतो आणि त्याच क्षणी फ्लॅश उडतो. म्हणून तर फ्लॅशसाठी शटर स्पीड साधारण १/२०० सेकंदाच्या पुढे नेता येत नाही. सायलेंट मोडमध्ये पडदा हलतच नाही. सेन्सर एकेक ओळ वाचत जातो आणि साध्या कॅमेऱ्यात त्याला सेकंदाचा पंधरावा-तिसावा हिस्सा सहज लागतो. फ्लॅश मात्र हजाराव्या हिश्शात लखलखून मोकळा! मग नवरदेवाचा फेटा झगझगीत आणि चेहरा काळोखात. हा घोळ नको म्हणून कंपन्या फ्लॅशच बंद ठेवतात.

यावर इलाज आहे, फक्त खिसा मोठा हवा. सोनीने २०२३ मध्ये अल्फा ९ थ्री आणला. त्याचा ‘ग्लोबल शटर’ सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपतो, त्यामुळे फ्लॅश १/८०,००० सेकंदापर्यंतही चालतो. किंमत लाखांत. आपण ईएमआयवाली माणसं, म्हणून हा विषय इथेच थांबवू.

पण मला विचाराल, तर साध्या कॅमेऱ्याचा हा हट्ट मला आवडतो. आवाज नको आणि लखलखाट हवा, ही मागणीच डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरीसारखी. कॅमेरा म्हणतो, एक काय ते ठरव. लपून काढायचाय की सांगून?

हे मला एका मैत्रिणीच्या मुलीच्या बारशाला नीट कळलं. वन बीएचके, पाळण्यात बाळ झोपलेलं, म्हणून कॅमेरा सायलेंटवर. छताला एलईडी. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे काही दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि सायलेंट मोडमध्ये फोटोवर काळ्या पट्ट्या उमटतात. त्या सांभाळत माझं काम चालू होतं. मग पणजीच्या मांडीवर बाळ दिलं. आजींनी पदर सारखा केला, पाठ ताठ केली आणि समोर बघत बसल्या. मी सात-आठ फ्रेम्स घेतल्या. आजी तशाच, श्वास रोखून. शेवटी म्हणाल्या, “अगं, काढ की गं लवकर!”

“आजी, काढले की!”

“वाजलं कुठं?”

मी सायलेंट मोड बंद केला, फ्लॅश छताकडे वळवला आणि म्हटलं, “आजी, आता बघा हं.” क्लिक! खोली उजळली, बाळाने एक डोळा किलकिला केला आणि आजी खुदकन हसल्या. मैत्रिणीने फ्रेम केला तो हाच फोटो.

क्लिक म्हणजे समोरच्या माणसाला दिलेली पोच असते. तुझा चेहरा मी घेतला, आता सैल बस. जपान आणि दक्षिण कोरियात चोरून फोटो काढण्याचे प्रकार वाढले, तेव्हा तिथल्या मोबाइल फोनमध्ये शटरचा आवाज मुद्दाम ठेवला गेला. तंत्राने मिटवलेला आवाज माणसांना परत हवासा वाटला, तो उगाच नाही.

माझा तर पोटापाण्याचाच प्रश्न. स्टोरीसाठी अनोळखी माणसांचे फोटो काढावे लागतात. मजूर अड्ड्यावर उभी असलेली बाई, हॉस्पिटलच्या पायरीवर बसलेला बाप. सायलेंट मोडमध्ये त्यांना पत्ताही लागणार नाही आणि फोटो ‘नॅचरल’ येईल. पण आपला चेहरा कुठे छापला जातोय, हे विचारायचा हक्क त्यांना आहेच की! म्हणून माझा नियम सोपा आहे. रंगमंचावरचा कलाकार, बैठकीतला गवई, झोपलेलं बाळ... इथे सायलेंट. डोळ्यांत बघणाऱ्या माणसासमोर मात्र आधी “काढू का?”, मग क्लिक. “नको” म्हणाले, तर कॅमेरा खाली.

शटर सायलेंट असू दे हो. आपण असायलाच हवं असं नाही.