माईक कुणाच्या हातात?



१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत आमच्या घरी तो विचार पुस्तकांआधी गाण्यांतून पोचला. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि मागे कोरस, हाच आमचा वाद्यवृंद. सत्यशोधक जलसे, भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादा (१९२२–२००४) ही त्याची परंपरा.

आम्ही कोरसवाले. म्होरक्या लागतो, हे आम्हाला मान्य आहे. त्याने सूर धरून हाताने खूण केल्याशिवाय कोरस एकदम उचलत नाही. पण बॅनरवर फोटो त्याचाच, बिदागीचा हिशेबही त्याच्याकडेच. आमच्या पोरी मात्र वर्षानुवर्षे मागे बसून टाळ्याच वाजवतात. मग म्होरक्या थकला की पार्टीच बंद पडते, कारण दुसरं कुणी तयारच केलेलं नसतं.

राजकारणातली विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. तो फक्त दिल्लीसाठी होता का?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक कार्यक्रमात निदान दोन गाणी कोरसमधल्या मुलीने पुढे येऊन चालवावीत. बिदागी सगळ्यांसमोर मोजून वाटावी. स्टेजवर समता गायची असेल, तर ती आधी स्टेजवर दिसली पाहिजे.