कानाला लावून

पोरगी पुण्याहून आली अन् पिशवीतून हेडफोन काढला. म्हणाली, "आबा, हे लावत जा. स्पीकर जरा बंद ठेवा. माझी परीक्षा आलीय."

ढोकीत आमचं घर म्हणजे दीड खोली. वर पत्रा. स्पीकर लावला की पत्राबी थरथरतो. त्यात ती कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणार. तिचं काही चुकत नव्हतं. तरी मला ते टोचलं.

कानाला लावून ऐकायची पाळी आमच्या घरात एकदा येऊन गेली होती.

१९७८ साल. मी दहा वर्षांचा. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला अन् मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. घरं जाळली. माणसं मारली. रात्री बाप कंदील बारीक करायचा, गोधडी डोक्यावरून घ्यायचा अन् आत ट्रान्झिस्टर कानाला लावायचा. शेजारी निजलेल्या मायलासुद्धा ऐकू जायचं न्हाई. मी विचारायचो, "दादा, काय सांगायलेत?" तो तोंडावर बोट ठेवायचा.

आज्याला गावाची हलगी वाजवावी लागायची. लग्न त्यांचं, वरात त्यांची, हात आमचे. बापानं हलगी टाकली. पुढं वस्तीनं वर्गणी काढून जयंतीला कर्णा आणला. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे आमच्या उकिरड्यावरून गावात ऐकू जायला लागले. तो आवाज आमचा होता. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हा कर्ण्यापुढं उभं राहून बाप रडला. वामनदादा अन् प्रल्हाद शिंदे दोघंबी २००४ साली गेले. गाणी ऱ्हायली.

आता हेडफोन. रात्री घातला. जुनंच गाणं लावलं. अन् खरं सांगतो, असं कधी ऐकलंच नव्हतं. गायकाचा श्वास. खंजिरीच्या चकत्या. कोरसात एकजण अर्धा ठोका मागं. आमच्या खोलीत स्पीकरचा आवाज भिंतीवर, पत्र्यावर आपटून त्याचा चिखल होतो. हेडफोनला भिंतच लागत न्हाई. पण ढोलकी कानातच संपते. छातीत लागायला खोलीतली हवा हलावी लागते, अन् ती हलवावी स्पीकरनंच.

माझे कानबी निम्मे गेलेत. वीस वर्षं पिठाच्या गिरणीत काढली. बारीक आवाज ऐकू येत न्हाई, म्हणून मी वाढवत जातो. पोरीनं हटकलं. "आबा, ८० डेसिबल असंल तर आठवड्याला ४० तास चालतंय. ९० झालं की फक्त ४ तास. जागतिक आरोग्य संघटना सांगती."

"गिरणीत कुणी मोजलं गं?" मी म्हणलं. ती गप्प बसली. मग मीच आवाज कमी केला.

तिसऱ्या रात्री माय उठून बसली. ऐंशीच्या पुढची, डोळ्यानं अधू. अंधारात चाचपत म्हणाली, "गाणं का बंद केलंस रं? गावात काय झालंय का?"

माझ्या हातातून हेडफोन गळाला.

"काय न्हाई झालं, माये. पोरगी अभ्यास करायलीय."

"मग मोठ्यानं सांग की तसं."

मी हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. थोडा वेळ ती दचकलेली. मग त्या गाण्याबरोबर मोठ्यानं गायला लागली. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नव्हता, त्यामुळं सगळ्या वस्तीला ऐकू गेला. पोरीनं पुस्तक मिटलं अन् हसत बसली.

नंतर पोरगीच म्हणाली, "आजोबांना आवाज कमी करायला दुसऱ्यांनी लावलं. तुम्ही माझ्यासाठी करायलात."

तेवढ्यानं माझं टोचणं थांबलं. आता सकाळी मायसाठी स्पीकर. त्याच्या मागच्या भिंतीला गोधडी टांगलीय, चिखल जरा कमी झालाय. रात्री पुस्तक उघडलं की हेडफोन. कळ माझ्या हातात हाय.

१४ एप्रिलला मात्र हेडफोन दिवसभर खुंटीवर.