नंबर दहा हजार

माणसाला नाव असतं, हा आपला एक गोड गैरसमज आहे. त्याला नावं असतात. मी घरी बंड्या, चाळीत भाऊ, कॅशच्या खिडकीवर 'ओ साहेब'. बायकोचं तर लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं. माहेरी अजून जुनंच चालतं. तरी घोटाळा होत नाही, कारण कोण म्हणजे कोण, हे आजीला पाठ असतं.

आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना आजी नाही. टेबलांवर विंडोज, आणि गार खोलीत फायली सांभाळणारा युनिक्स घराण्यातला सर्व्हर. विंडोजच्या दप्तरी माणूस म्हणजे एस-१-५-२१ पासून सुरू होणारा मालगाडीएवढा आकडा. युनिक्सच्या दप्तरी साधा नंबर. नावं दोघांकडेही पाटीपुरती. मधला दुभाषी सांबा. (इडली आठवली तर दोष तुमचा नाही. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१ साली हे काम आरंभलं. एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शोधताना पुढे हे नाव सापडलं.)

सांबा सोयरीक जुळवतो ती एकतर यादी पाहून : 'रूट = अ‍ॅडमिनिस्ट्रेटर', म्हणजे तिकडचे देशमुख ते इकडचे पाटील. नाहीतर रेशनच्या रांगेसारखी : जो आधी येईल त्याला आधीचा नंबर. ग्रुपांचीही तशीच वेगळी रांग. आमच्याकडे रांग होती, १०,००० पासून. सगळ्यांआधी येणारे अण्णा अर्थातच १०,०००.

पुढे सर्व्हर बदलला. फायली नंबरांसकट नव्यावर गेल्या, नंबरांची वही जुन्यातच राहिली. त्या दिवशी नेमकी अण्णांची लोकल चुकली आणि नुकतीच लागलेली एक मुलगी पहिली आली. १०,००० तिला! अण्णांना स्वतःची फाइल उघडेना. सिस्टिमवाले म्हणाले, "मालकाचा नंबर बरोबर आहे."

आता लांब आकड्याच्या शेपटातूनच नंबर काढतात. लोकल चुकली तरी तो बदलत नाही. पण हे शहाणपण नंतरचं. त्या फायलीत अण्णांच्या धाकटीच्या लग्नाचा हिशेब होता. कोणाकडून किती उसने मागायचे, नावांसकट. दोन दिवस अण्णांना डबा गेला नाही.

तिसऱ्या दिवशी ती मुलगी हळूच येऊन म्हणाली, "काका, माझ्या नावावर एक लग्न निघालंय. पहिली ओळ वाचली आणि बंद केलं."

"पहिल्या ओळीत काय होतं गं?"

"मंगल कार्यालय."

अण्णांनी डबा उघडला. दुसऱ्या ओळीत मॅनेजरसाहेब होते.