मधला चोर

एप्रिलमध्ये पैसे भरून भंडारदऱ्याला आकाशदर्शनाला गेलो. सप्तर्षीतल्या वसिष्ठाशेजारी अरुंधती नुसत्या डोळ्यांनीही दिसते. दुर्बिणीत वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघाला! १६१७ मध्ये गॅलिलिओनंही ही जोडी पाहिली होती.

सोलापूरला उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर, असं आजी सांगायची. वसिष्ठ म्हणजे मधला चोर.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला, “आजी, तुझा मधला चोर एकटा नाही!”

“मला आता काय दिसत नाही बघ बाळा. तू दिवा लावलास ना गच्चीवर.”

दिवाळीत मीच फ्लडलाइट बसवला होता. चोरांच्या भीतीनं.

शनिवारी घरी जाऊन आधी बटण बंद केलं. आजी बराच वेळ वर बघत राहिली.

“अरुंधती नाही दिसत. पण तिघं आहेत रे अजून.”