दोन जागा

दरवर्षी १५ सप्टेंबर आला की अभियंता दिनाची भाषणे होतात. आम्ही पुण्यात अभियांत्रिकी शिकत असताना ऐकलेले एक भाषण अजून आठवते. खऱ्या गुणवत्तेला वर्ण आडवा येत नाही, नाहीतर परक्या राज्यात विश्वेश्वरय्या घडलेच नसते, असे वक्ते म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांत आमच्याही होत्या.

घरी येऊन हे सांगितले तेव्हा आजोबा नुसते हसले. त्यांचे वडील, म्हणजे आमचे पणजोबा, मुठा कालव्यावर ओव्हरसियर होते. विलायतेहून नवा आलेला कोवळा साहेब त्यांच्याकडून पाण्याची पातळी घ्यायला, इथला मुरूम नि इथला चुना ओळखायला शिके, आणि दोन वर्षांत त्यांचाच वरिष्ठ होऊन बसे. साहेब अधिक शिकलेला असतो, अशी त्यावर पणजोबांची समजूत होती. तो कोठे शिकला आणि कोणाच्या पैशाने, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आम्हालाही तो फार उशिरा पडला.

पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग १८५४ साली सुरू झाला. पुढे त्याचेच कॉलेज झाले. ते असताना, आणि रुरकीचे कॉलेज त्याहूनही आधीचे असताना, लंडनच्या इंडिया ऑफिसने १८७२ साली इंग्लंडातल्या सरे परगण्यात कूपर्स हिल येथे आणखी एक कॉलेज उघडले. हेतू एकच : हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी इंजिनियर तयार करणे. ती टेकडी, ती इमारत, तिच्या जमाखर्चातली तूट, सगळ्याचा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर. (भारतमंत्र्याचा पगारसुद्धा १९१९ च्या कायद्यापर्यंत आपणच देत होतो, तेव्हा नवल नको.) म्हणजे जुन्नरच्या शेतकऱ्याचा सारा त्या कॉलेजात पोचत होता, त्याचा मुलगा मात्र पोचणे कठीण होते. एका काळी तर दंडकच होता की वर्षाला दोनांहून अधिक हिंदी उमेदवार तेथे घ्यावयाचे नाहीत. १९०६ साली ते बंद झाले.

आम्हाला यात सर्वांत बोचते ते हे की पुण्याच्या कॉलेजच्या दारावर कसलीच पाटी नव्हती. दार उघडे होते. अडसर होता तो हजारो मैलांवर, वरच्या जागांकडे जाणाऱ्या जिन्याला. म्हणून तो दिसला नाही आणि साहेब आपला 'अधिक शिकलेला' राहिला.

आता विश्वेश्वरय्यांविषयी. १८८३ साली ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून पहिले आले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक इंजिनियर झाले. पहिल्या येणाऱ्याला ती नेमणूक मिळे. दुसऱ्या नि तिसऱ्या आलेल्यांचे काय झाले, हे अभियंता दिनाच्या भाषणात कोणी सांगत नाही. १९०३ साली त्यांनी खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे बसवली. (ते जुने धरण १९६१ च्या पानशेत पुरात फुटले, आजचे पुन्हा बांधलेले आहे.) १९०८ साली त्यांनी इलाख्याची नोकरी सोडली आणि दुसऱ्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने त्यांना मुख्य अभियंता नेमले. इलाख्यात ती खुर्ची त्यांना मिळाली नव्हती.

इथे थोडे आपल्या अंगणातही पाहावे लागते. १८२१ साली विश्रामबागवाड्यात कंपनी सरकारने संस्कृत पाठशाळा उघडली, दक्षिणेच्या निधीतून. तिच्यात प्रवेश फक्त ब्राह्मणांना. तो निधीही रयतेच्याच वसुलातला. कूपर्स हिलच्या दंडकाने ज्यांना चीड आली, त्यांतल्या कितीजणांना हा वाडा आठवला असेल? आमचे आडनाव पाहता हा प्रश्न आम्हाला दुसऱ्यांवर ढकलून मोकळे होता येत नाही. पणजोबांना ओव्हरसियरची जागा मिळाली, त्यांच्या हाताखाली माती वाहणाऱ्यांना तीही नव्हती.

यंदा १५ सप्टेंबरला एका संस्थेने आम्हालाच बोलायला बोलावले आहे. 'विश्वेश्वरय्यांवर दहा मिनिटे, प्रेरणादायी,' असे आमंत्रणात आहे. आम्ही कागदावर वर लिहून ठेवले आहे : दोन जागा. खाली : विश्रामबागवाडा. प्रेरणेसाठी किती मिनिटे उरतील, ते अजून मोजलेले नाही.